मलबार फार्म, ओहायो: बोगार्ट–बकॉल यांच्या लग्नाचे घर

जुन्या हॉलिवूडवर मनापासून प्रेम असणाऱ्या माणसाने अमेरिकेत एकच घर पाहायचे ठरवले, तर बेव्हर्ली हिल्सकडे न वळता त्याने ओहायो राज्यातल्या लुकस या छोट्या गावाजवळचे मलबार फार्म पाहावे, असे मी सुचवीन. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल या हॉलिवूडच्या ताऱ्यांचे लग्न २१ मे १९४५ रोजी याच शेतावरच्या मोठ्या घरात लागले. कादंबरीकार लुई ब्रॉमफील्ड हे या घराचे मालक. ते आणि बोगार्ट जुने स्नेही होते. घर आज राज्य सरकारच्या ताब्यात असून माफक तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर आत फिरता येते, आणि आतले बरेचसे सामान ब्रॉमफील्ड कुटुंबाचेच आहे. ताऱ्यांची आठवण जपणारी ठिकाणे अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांत काचेच्या कपाटांत टांगलेले पोशाख असतात आणि भिंतीभर भित्तिपत्रके असतात. येथे मात्र हे तारे पाहुणे म्हणून आले, राहिले, जेवले आणि यजमानाने सांगितली ती कामे करून परत गेले. घर त्यांची आठवणही तशीच, पाहुण्यांची म्हणून सांगते, आणि मला या जागेचे सर्वांत मोठे मोल त्यातच वाटते.

कोलंबस आणि क्लीव्हलँड या दोन शहरांच्या साधारण मध्यावर मॅन्सफील्ड हे शहर लागते आणि त्याच्या आग्नेयेला काही मैलांवर हे शेत आहे. महामार्ग सोडल्यावर रस्ता लहान टेकड्यांतून वळत जातो. दोन्ही शहरांतल्या मराठी कुटुंबांना सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतकेच हे अंतर आहे, मात्र स्वतःची गाडी हवी, कारण सार्वजनिक वाहनाने येथवर पोचण्याची सोय नाही.

घराला बत्तीस खोल्या आहेत हे आधी वाचलेले असले तरी समोरून पाहताना ते तितके मोठे वाटत नाही. ब्रॉमफील्ड यांनी १९३९ साली, तिथे आधीपासून असलेल्या एका साध्या शेतघराच्या भोवती, वास्तुविशारद लुई लॅमोरो यांच्याकडून ते बांधून घेतले. पिढ्यान्‌पिढ्या गरजेप्रमाणे खोल्या वाढत गेलेल्या आपल्याकडच्या जुन्या वाड्यासारखे ते दिसावे, अशीच त्यांची इच्छा होती. म्हणून छपरांच्या उंची वेगवेगळ्या आहेत आणि एक भाग दुसऱ्यापेक्षा जुना वाटतो, जरी सगळे बांधकाम जवळजवळ एकाच वेळचे असले तरी. ओहायोच्या या भागातल्या जुन्या घरांच्या अनेक शैली त्यात एकत्र आल्या आहेत. ब्रॉमफील्ड कुटुंब १९३८ पर्यंत फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या सेनलिस या गावी राहत होते आणि तिथल्या राहणीची छाप आतल्या मांडणीवर उघड दिसते.

मुख्य दरवाजातून आत गेल्यावर जे प्रवेशदालन लागते, त्यासाठीच बहुतेक लोक इतक्या लांब येतात. समोर दोन्ही बाजूंनी वळत खाली उतरणारा जोडजिना आहे, आणि त्याच्या पायथ्याशी लग्न लागले. मॅन्सफील्डचे न्यायाधीश हर्बर्ट शेटलर यांनी ते लावले. ब्रॉमफील्ड यांची मुलगी होप पियानोवर लग्नाची धून वाजवीत होती आणि बकॉल जिना उतरून खाली आली. ती तेव्हा वीस वर्षांची होती आणि बोगार्ट पंचेचाळीस वर्षांचा. त्याचे हे चौथे लग्न, आणि तिसरी पत्नी मेयो मेथॉट हिच्याशी त्याचा घटस्फोट होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. पडद्यावर डोळ्यांची पापणीही न हलवता पिस्तूल रोखणारा हा माणूस विधी चालू असताना रडत होता, असे बकॉलने पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे.

त्या दालनात उभे राहिल्यावर सर्वांत आधी जाणवते ती त्याची लहान जागा. छायाचित्रे पाहून आपण मनात एक भव्य सभागृह रचलेले असते, आणि प्रत्यक्षात जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून समोरच्या दरवाजापर्यंत मोजकी माणसे दाटीने उभी राहतील एवढीच जागा आहे. म्हणजे वधू खाली उतरत होती तेव्हा ती वरापासून फार तर काही पावलांवर होती, आणि त्याचे ओले झालेले डोळे तिला जिन्यावरूनच दिसत असणार. ही गोष्ट पुस्तकातून कळत नाही, त्यासाठी त्या फरशीवर उभे राहावे लागते. मार्गदर्शकाने येथे घाई केली नाही, प्रत्येकाला जिन्याच्या पायथ्याशी जाऊन वर पाहू दिले, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

युरोपातले युद्ध त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी संपले होते आणि पॅसिफिकमधले चालूच होते. पेट्रोलपासून साखरेपर्यंत अनेक वस्तूंवर नियंत्रण असलेल्या त्या दिवसांत एका शेतावर, मित्राच्या घरी, थोड्या माणसांत लग्न उरकण्यात हौसेइतकीच सोयही होती. तरीही बातमी फुटली आणि वार्ताहर व छायाचित्रकार अंगणात येऊन उभे राहिले. आज घरात जी छायाचित्रे लावली आहेत, ती आपल्याला पाहायला मिळतात याचे श्रेय त्या न बोलावलेल्या गर्दीला द्यावे लागते. या दोघांचा पहिला एकत्र चित्रपट १९४४ साली आला होता आणि त्या चित्रीकरणातच त्यांचे प्रेम जमले होते. लग्नानंतर त्यांचे आणखी तीन एकत्र चित्रपट पडद्यावर आले आणि १४ जानेवारी १९५७ रोजी बोगार्टचा मृत्यू होईपर्यंत संसार टिकला. बकॉल त्यानंतर सत्तावन्न वर्षे जगली आणि २०१४ साली वारली.

बोगार्ट आणि ब्रॉमफील्ड यांचा स्नेह न्यूयॉर्कच्या नाट्यवर्तुळातला. पुढे ब्रॉमफील्ड यांच्या एका कथेवर १९४० साली निघालेल्या ‘इट ऑल केम ट्रू’ या चित्रपटात बोगार्टने गुंडाची भूमिका केली होती. ब्रॉमफील्ड हे त्या काळी अमेरिकेतल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक होते. १९२७ साली त्यांना ‘अर्ली ऑटम’ या कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. आज त्यांचे नाव वाङ्मयाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, आणि पाहुण्यांच्या कीर्तीने यजमानाची कीर्ती झाकली गेली आहे. मलबार फार्म दाखवणाऱ्यांनी या विसराला हातभार लावलेला नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. लग्नाची हकीकत रंगवून सांगितली जाते, पण फेरीचा कणा ब्रॉमफील्ड हेच राहतात.

त्यांची लिहिण्याची खोली तळमजल्यावर आहे आणि तिच्यातच त्यांचा पलंगही आहे, म्हणजे पहाटे उठून थेट शेताकडे जाता यावे. खोलीत एक प्रचंड, कप्प्यांनी भरलेले टेबल आहे. ते खास बनवून घेतलेले होते, पण बसायला ते अवघडच ठरले, म्हणून ब्रॉमफील्ड शेजारी पत्त्यांचे साधे घडीचे टेबल मांडून त्यावर टंकलेखन करीत. ती दोन्ही टेबले जवळजवळ पाहिल्यावर हा माणूस आपल्याला एकदम ओळखीचा वाटू लागतो. पैसा होता, हौस दांडगी होती, आणि काम मात्र जिथे जमेल तिथे बसून उरकण्याची सवय होती. बॉक्सर जातीचे कुत्रे घरभर मोकळे फिरत, आणि पाहुणे कितीही मोठे असले तरी कुत्र्यांच्या हक्काच्या जागेवरून कुत्र्यांना उठवले जात नसे.

पाहुण्यांची यादी खरोखर मोठी आहे, आणि चित्रपटनट जेम्स कॅग्नी हे त्यातले सर्वांत लाडके नाव. शेतातला भाजीपाला विकण्यासाठी रस्त्याच्या कडेला एक टपरीवजा दुकान होते. तिथे दगडी कुंडांतून झऱ्याचे थंड पाणी सतत वाहत असे आणि त्यात ताजी भाजी ठेवलेली असे. कॅग्नी या दुकानात उभा राहून वाटसरूंना भाजी विकत असे. ज्याला आपण शनिवारी रात्री चित्रपटगृहात पोलिसांच्या गोळ्यांना तोंड देताना पाहिले, तोच रविवारी सकाळी मक्याची कणसे मोजून देतो आहे, हे पाहून ओहायोच्या शेतकऱ्यांना काय वाटले असेल! पाहुण्यांनी शेतकामात हात लावावा, असा या घराचा शिरस्ताच होता. कॅलिफोर्नियात विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या सान सिमिऑन येथील महालातही हॉलिवूडचे तारे जात असत आणि तो महालही आज सरकारी मालकीचा असून लोकांना दाखवला जातो, पण तिथे तारे वैभवाचा एक भाग म्हणून उरतात. येथे ते चिखलाचे बूट काढून आत येणारी माणसे वाटतात. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या मूकपटांच्या काळातल्या ताऱ्यांचे पिकफेअर हे घर तर १९९० च्या सुमारास पाडूनच टाकले गेले. त्या तुलनेत मलबारचे घर सामानासकट टिकले, याचे समाधान फार आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या घराचा सर्वांत जवळचा धागा मात्र बोगार्टकडे जात नाही, तो बडोद्याकडे जातो. ब्रॉमफील्ड १९३० च्या दशकात भारतात येऊन राहिले होते आणि बडोदे संस्थान त्यांनी जवळून पाहिले होते. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रेन्स केम’ या त्यांच्या कादंबरीतले रांचीपूर हे काल्पनिक संस्थान बडोद्यावर बेतलेले आहे, आणि त्यातला वृद्ध, सुधारणावादी महाराजा वाचताना सयाजीराव गायकवाड डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक जाऊन गादीवर बसलेला, १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा आणि गावोगावी ग्रंथालये उभारणारा हा राजा एका अमेरिकन लेखकाच्या मनात इतका ठसला, की त्याने त्याच्या राज्याभोवती सहाशेच्या आसपास पानांची कादंबरी रचली. भूकंपाने धरण फुटते, पूर येतो, साथ पसरते आणि त्या संकटात गोऱ्या व भारतीय पात्रांची कसोटी लागते, असे तिचे कथानक आहे. ती प्रचंड खपली.

१९३९ साली तिच्यावर चित्रपट निघाला. मर्ना लॉय आणि टायरोन पॉवर त्यात होते. डॉक्टर साफ्ती या भारतीय नायकाची भूमिका टायरोन पॉवरने केली, महाराजांची एच. बी. वॉर्नर याने आणि महाराणींची मारिया उस्पेन्स्काया हिने. एकाही मुख्य भारतीय पात्रासाठी भारतीय नट घेतला गेला नाही, आणि आज तो चित्रपट पाहताना हे खटकल्याशिवाय राहत नाही. पुराची दृश्ये मात्र अजूनही थक्क करतात. विशेष परिणामांसाठीचे ऑस्कर त्या वर्षी याच चित्रपटाला मिळाले. १९५५ साली लाना टर्नर आणि रिचर्ड बर्टन यांना घेऊन हीच कथा पुन्हा चित्रित झाली. मधल्या काळात, १९४० साली, ब्रॉमफील्ड यांनी मुंबईच्या पार्श्वभूमीवर ‘नाइट इन बॉम्बे’ ही आणखी एक कादंबरी लिहिली.

या भारतावरच्या लेखनाने मिळवून दिलेल्या पैशातून ओहायोतली ही जमीन आणि घर उभे राहिले, म्हणूनच ब्रॉमफील्ड यांनी भारताच्या मलबार किनाऱ्याचे नाव आपल्या शेताला दिले. तेव्हा बोगार्ट आणि बकॉल ज्या जिन्याखाली उभे राहिले, त्या जिन्याच्या बांधकामात बडोद्यावरच्या कादंबरीचा वाटा आहे, असे म्हणायला काहीच हरकत नाही. अमेरिकन पर्यटकाला हा तपशील एक गोड योगायोग वाटेल. सयाजीरावांचे नाव घरात ऐकत वाढलेल्या माणसाला तो अभिमानाचा वाटतो. म्हणून मराठी माणसाने जाण्यापूर्वी ‘द रेन्स केम’ वाचावी आणि फेरीत मार्गदर्शकाला भारताबद्दल मुद्दाम विचारावे, कारण असे विचारले की गप्पा वेगळ्याच वाटेने जातात.

घराबाहेर जे आहे त्याकडे पाठ फिरवून परतणे हा यजमानावर अन्याय होईल. ब्रॉमफील्ड फ्रान्सहून परत आले तेव्हा इथल्या जमिनी बेजबाबदार नांगरणीने झिजल्या होत्या, वरचा कसदार थर वाहून गेला होता आणि उतारांवर घळी पडल्या होत्या. त्यांनी अनेक जुनी शेते एकत्र घेतली, उताराला आडवी नांगरट सुरू केली, समतल रेषेवर पट्ट्यापट्ट्यांनी पिके घेतली, चुना घातला, हिरवळीचे खत गाडले, गवत आणि द्विदल चारा पेरून माती धरून ठेवली. बांधबंदिस्ती आणि समतल चर हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, अशा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे सगळे लगेच समजेल. ‘प्लेझंट व्हॅली’ (१९४५) आणि ‘मलबार फार्म’ (१९४८) या पुस्तकांतून त्यांनी हा अनुभव लिहिला, आणि दूरदूरचे शेतकरी तो पाहायला येऊ लागले. जवळच्या माउंट जीझ या टेकडीवर त्यांना नेऊन ब्रॉमफील्ड खाली पसरलेली शेते दाखवीत आणि बोलत. त्या टेकडीवरून आजही संपूर्ण खोरे दिसते, आणि माझ्या मते घर पाहण्याआधी तिथेच जावे, म्हणजे घरातली प्रत्येक खोली कशासाठी होती ते कळते.

ब्रॉमफील्ड १९५६ साली वारले तेव्हा शेतीचा खर्च उत्पन्नापेक्षा मोठा झालेला होता. जंगलातली झाडे तोडली जाण्याची वेळ आली असता डोरिस ड्यूक या धनाढ्य मैत्रिणीच्या देणगीने ती वाचली, आणि त्या जंगलाला आज तिचेच नाव आहे. त्यात एक सुंदर पायवाट आहे. १९७२ साली राज्याने मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९७६ साली ती राज्य उद्यान झाली. १९९३ च्या आगीत मुख्य गोठा जळून गेला, पण पुढच्याच वर्षी लाकडी सांगाड्याची पारंपरिक बांधणी जाणणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन तो पुन्हा उभा केला. तो जरूर पाहावा, विशेषतः खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांनी जोडलेले तुळयांचे सांधे. गुरेढोरे, कोंबड्या आणि शेळ्या असल्यामुळे लहान मुले इथे कंटाळत नाहीत.

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ या १९९४ च्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या दृश्यातली झोपडी याच शेतावरची आहे, त्यामुळे त्या चित्रपटाचे चाहतेही येतात. त्यातला प्रसिद्ध ओकवृक्ष शेताजवळच होता. २०११ साली तो वादळात दुभंगला आणि २०१६ साली उरलेला भागही पडला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी वाट वाकडी करू नये.

ज्यांना वेशभूषा, चित्रफितींचे तुकडे आणि बोगार्टच्या टोपीसारख्या वस्तू पाहायच्या असतील, त्यांची येथे निराशा होईल. बोगार्टच्या वाट्याला एक प्रवेशदालन, काही छायाचित्रे आणि मार्गदर्शकाच्या बोलण्याची दहा-पंधरा मिनिटे येतात. माझ्या मते हे प्रमाण योग्य आहे, कारण तो इथे थोडेच दिवस होता आणि ते दिवस त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत मोडतात, एवढे सांगायला तेवढा वेळ पुरतो. घरातल्या वस्तूंना हात लावता येत नाही आणि खुर्च्यांवर बसता येत नाही. वरच्या मजल्यावर जिन्याने जावे लागते, तेव्हा गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी आधी चौकशी करून यावे.

घराच्या फेऱ्यांचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून किंवा उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्यात. १८२० साली बांधलेली, घोडागाड्यांच्या काळातली एक जुनी खाणावळ शेताच्या हद्दीत आहे. ती चालू असल्याची खात्री करूनच जेवणाचा बेत तिथे ठरवावा, नाहीतर डबा बरोबर घ्यावा, कारण आसपास शाकाहारी माणसाला पोटभर मिळेल असे फारसे काही नाही. मार्च महिन्यात मेपलचा पाक काढण्याचा उत्सव भरतो आणि तेव्हा गर्दी असते. लग्नाची आठवण मनात ठेवून यायचे असेल, तर मे महिन्याचा उत्तरार्ध गाठावा. सकाळी माउंट जीझ, मग घराची फेरी, दुपारी गोठा आणि डोरिस ड्यूकच्या जंगलातली पायवाट, आणि परतताना झऱ्याकाठचे भाजीचे दुकान, असा क्रम ठेवला तर पुरा दिवस सत्कारणी लागतो.